मोठ्या मुलीला भावाच्या डाउन सिंड्रोमबद्दल किती सांगावं?

ताई, धाकट्याला डाउन सिंड्रोम आहे हे आठ वर्षांच्या मुलीला किती सांगावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावालाही तेच आहे. माझं उत्तर: सगळं सांगा, आणि आत्ताच.

आमच्या घरी या विषयावर कुणी बोलायचंच नाही. आई गरोदर असताना मी तिच्या अंगावर उडी मारली होती, त्यामुळेच भाऊ असा झाला, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते. खरं तर त्याच्या पेशींत 21व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती आहेत. गर्भ राहतानाच हे ठरून गेलेलं असतं आणि यात दोष कुणाचाच नसतो. 1959 पासून ठाऊक असलेली गोष्ट. आठ वर्षांच्या मुलीला एवढं सहज कळतं.

तिला भावावर चिडूही द्या. माझ्या भावाने एकदा माझं चित्र पाण्याच्या बादलीत बुडवलं. मी रडले तर ‘तू समजूतदार ना, त्याला कळत नाही’ असं मलाच ऐकवलं गेलं. त्याला छान कळत होतं! दाराआड उभा राहून हसत होता. त्याला चार शब्द सुनावले असते, तर ते आम्हा दोघांच्याही भल्याचं होतं.

त्याचे उच्चार अस्पष्ट, पण मला कळायचे. मग पाहुणे त्याच्याकडे न बघता मला विचारायचे, “काय म्हणतोय गं हा?” तो शेजारीच ओठ मिटून उभा. ‘त्यालाच विचारा, तो हळू सांगेल’ हे वाक्य तुमच्या मुलीला आजच शिकवा.

‘आमच्यानंतर तूच त्याची आई’ हे मात्र कृपा करून म्हणू नका. अमेरिकेत 1983 साली डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान 25 वर्षं होतं, आता ते 60च्या आसपास आहे. त्यामुळे त्याच्या राहण्याची, पैशांची, पालकत्वाची सोय तुम्हीच कागदावर करून ठेवा. त्यात तिचा वाटा किती, हे ती मोठी झाल्यावर तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हणाली तर तेही मान्य करा.

मुलाचा गुणसूत्र-तपासणीचा अहवाल जपून ठेवा. बहुतेकदा हे आनुवंशिक नसतं. पण ट्रान्सलोकेशन नावाच्या, क्वचित आढळणाऱ्या प्रकारात ते आई किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं. अहवालात तसं असेल, तर पुढे स्वतःच्या बाळाचा विचार करण्याआधी तुमच्या मुलीला तपासणी करून घ्यावी लागेल.