वाचक विचारतात : अमेरिकेतले पक्ष वर्गात शिकवताना

प्रश्न : अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक म्हटलं की मुलं ‘म्हणजे आपले भाजप-काँग्रेस’ म्हणून मोकळी होतात. सध्याचा फरक कसा शिकवावा? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : जाहीरनाम्यांपासून सुरुवात करा. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. २०२४चे घ्या. (२०२०चे नकोत, त्या वर्षी रिपब्लिकनांनी नवा जाहीरनामा केलाच नाही, २०१६चाच पुढे चालवला.) कर, आयातशुल्क, स्थलांतर आणि गर्भपात या विषयांवर दोन्हीकडचा एकेक उतारा सोप्या मराठीत उतरवा, पक्षांची नावं खोडा आणि चार-पाच जणांच्या गटांना वाटा. उतारा कोणत्या पक्षाचा एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वाक्यावरून ओळखलंत तेही लिहून घ्या.

करांवर गाडी अडत नाही. कंपन्यांवरचा कर २१ वरून २८ टक्के करू म्हणणारे डेमोक्रॅटिक, २०१७ची करकपात कायम ठेवू म्हणणारे रिपब्लिकन, हे मुलं चटकन ओळखतात. गर्भपाताचा हक्क देशभर कायद्याने परत आणू म्हणणारे डेमोक्रॅटिक आणि तो निर्णय राज्यांवर सोडणारे रिपब्लिकन, हेही कळतं. मात्र गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल आधी दोन वाक्यांत सांगावा लागतो. चुकतात ती आयातशुल्कावर. उद्योगांची बाजू घेणारा पक्ष मुक्त व्यापारवालाच असणार, असं धरून चालतात. २०२४च्या जाहीरनाम्यात परदेशी मालावर सरसकट शुल्क हवं म्हणणारे रिपब्लिकनच आहेत. जुन्या नोट्समधलं ‘रिपब्लिकन म्हणजे मुक्त व्यापार’ हे वाक्य खोडून टाका.

भाजप-काँग्रेसची तुलना मोडायला दुसरी तासिका पक्षशिस्तीला द्या. जुलै २०१७मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यातल्या काही प्रमुख तरतुदी रद्द करण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) ४९ विरुद्ध ५१ असा पडला. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५२ होते, पण मॅकेन, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की हे त्यांचेच तिघे विरोधात गेले. जागा एकाचीही गेली नाही, कारण आपल्याकडे १९८५पासून आहे तसा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. शिवाय उमेदवारी पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, ती प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. ‘आपल्या आमदाराने असं केलं तर?’ एवढं विचारा, वर्ग आपोआप बोलू लागतो.

फळ्यावर रंगीत खडू वापरणार असाल तर रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅटिक निळा. लाल म्हणजे डावे, हे आपल्या मुलांच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून आधीच बजावा. तिथला हा रंगसंकेत रुळला तोच मुळी २०००च्या निवडणुकीपासून.