'शॅल'साठी मराठीत काय: करावे, करेल की केले पाहिजे?

प्रश्न असा आहे: गाडीच्या ईसीयूसाठी (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा नियंत्रक संगणक) सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचे याच्या अटी, मराठीत लिहायच्या झाल्या, तर इंग्रजी 'शॅल'साठी 'करावे' घ्यायचे की 'करेल'?

माझे मत विचाराल तर दोन्ही नकोत, 'केले पाहिजे' घ्या.

'करावे' फारच लवचिक आहे. हुकूम, सल्ला, विनंती, इच्छा, सगळ्यांना तेच रूप चालते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत मात्र 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस आणि 'मे' म्हणजे मुभा, अशी वाटणी ठरलेली आहे. 'करावे' शिफारशीसाठी राखून ठेवा. (त्याचाच नकार, 'करू नये', किती कडक होतो बघा!)

'करेल'च्या पाठीशी कायद्याची मराठी आहे. तिथे 'राहील', 'असेल' ही बंधनाचीच रूपे. पण आपल्या कागदात शेजारच्या युनिटबद्दलही वाक्ये येतात. 'इंजिनचे युनिट दर 10 मिलिसेकंदांनी वेग कळवेल.' हे आपण गृहीत धरले आहे, की त्या टीमला बांधून घेतले आहे? भांडणे नेमकी इथे लागतात.

आता हे वाक्य घ्या: 'चाकाच्या वेगाचा सिग्नल न आल्यास एबीएसचा दिवा लगेच लावण्यात यावा.' (एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा.) व्याकरण चोख, पण टेस्टिंगवाल्याने करायचे काय? 'लगेच' म्हणजे किती, आणि लावायचा कोणी? दिवा बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या क्लस्टरच्या, म्हणजे मीटरच्या पॅनेलच्या, ताब्यात असतो. ब्रेकचे युनिट त्याला कॅन बसवरून (गाडीतली युनिटे जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरून) फक्त निरोप देते. म्हणून वाक्ये दोन हवीत, आकडे नमुन्यादाखल: 'वेगाचा सिग्नल सलग 100 मिलिसेकंद आला नाही, तर ब्रेक युनिटने पुढच्या 20 मिलिसेकंदांत बिघाडाचा संदेश पाठवला पाहिजे.' 'तो संदेश मिळाल्यापासून 200 मिलिसेकंदांच्या आत क्लस्टरने दिवा लावला पाहिजे.' आयएसओ 26262 या गाड्यांच्या सुरक्षेच्या मानकाचा भाग 8 सुरक्षेच्या रिक्वायरमेंट निःसंदिग्ध आणि पडताळता येतील अशा मागतो, त्या या.

'लावला पाहिजे' म्हटले की '-ने' लावून कर्ता सांगावासा वाटतोच, हा मोठा फायदा. मात्र 'दिवा लागला पाहिजे' लिहिलेत की कर्ता पुन्हा पसार.

'मे'साठी सर्रास 'शकते' वापरतात, तेही टाळा. 'युनिट रीसेट होऊ शकते' ही परवानगी, क्षमता की धोक्याची सूचना? मुभाच द्यायची असेल तर सरळ 'रीसेट केले तरी चालेल' लिहा.