कार्पेट पायथन घ्यायचाय, पण कोणता?

प्रश्न : आजवर कॉर्न स्नेक सांभाळला. आता कार्पेट पायथन घ्यायचं मनात आहे, पण जंगल, कोस्टल, डायमंड, पापुअन ही नावं ऐकून डोकं गरगरतंय. पहिला कोणता घेऊ?

उत्तर : ही सगळी अजगरांच्या एकाच गोतावळ्यातली मंडळी. घर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी, शास्त्रीय नाव मोरेलिया स्पायलोटा. पोटजाती नेमक्या किती, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, तेव्हा तुम्ही त्या वादात पडू नका. आधी एवढंच विचारा, की पूर्ण वाढ झाल्यावर हा केवढा होणार? कोस्टल हा पूर्व किनाऱ्यावरचा, मुख्यतः क्वीन्सलँडचा. तो सात-आठ फूट सहज होतो, काही त्याच्याही पुढे जातात. जंगल हा उत्तर क्वीन्सलँडमधल्या अ‍ॅथर्टन पठाराच्या ओल्या रानातला. तो बहुधा पाच ते सात फुटांत आटोपतो. पापुअन, म्हणजे न्यू गिनीचा, जुन्या लोकांच्या तोंडी ‘आयरियन जया’, तोही साधारण तेवढाच, अंगाने सडसडीत आणि बऱ्याचदा स्वभावाने मवाळ.

पहिला म्हणून मी पापुअन सुचवेन. जागा असेल तर मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या डोंगराळ भागातला ब्रेडलही चालेल. हल्ली त्याला स्वतंत्र जात मानतात. विटकरी रंगाचा, शांत, पण अंगाने भरतो.

जंगलचा काळा-पिवळा रंग पाहून लोक वेडे होतात, मीही होतो. पण विक्रेत्याच्या डब्यात तो रंग शोधू नका. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मळकट तपकिरी असतं, त्यावर फिकट पट्टे. पिवळा चढायला दोन-तीन वर्षं जातात, आणि काहींच्या अंगावर तो शेवटपर्यंत मातकटच राहतो. म्हणून पिल्लाच्या फोटोपेक्षा आई-बापाचे फोटो मागा. ‘जंगल’ म्हणून विकलेल्या पिल्लाचा बाप कोस्टल निघाला, तर तुमचा सहा फुटांचा हिशेब तिथेच कोलमडला. संकर वाईट असतो असं नाही, पण तो संकर म्हणूनच विकला गेला पाहिजे.

पिंजरा मोठ्या सापाला निदान चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच हवा, आणि त्यात आडव्या जाड फांद्या हव्यातच. हा साप दिवसाचा बराच वेळ फांदीवर वेटोळं करून काढतो. एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५च्या आसपास. तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर हीटर लावूच नका.

प्रश्न : एक जॅग्वार स्वस्तात मिळतोय. रंग अप्रतिम आहे, पण व्हिडिओत त्याची मान किंचित थरथरताना दिसते. विक्रेता म्हणतो, ‘पिल्लू आहे, घाबरलंय.’

उत्तर : घाबरलेला साप मान ‘एस’सारखी वळवून मागे घेतो, फुत्कारतो, झेपावतो. तो थरथरत नाही. तुम्ही जे पाहिलंत ते ज्या जनुकामुळे जॅग्वारला तो रंग येतो त्याचंच लक्षण असण्याची दाट शक्यता आहे.

जॅग्वार ही पोटजात नव्हे. नव्वदच्या दशकात नॉर्वेत कोस्टलच्या एका वाणात हा जनुकीय बदल पुढे आला आणि त्या झगझगीत रंगापायी जगभर पसरला. त्याच जनुकासोबत मज्जासंस्थेचा दोष येतो. काहींमध्ये तो जेमतेम जाणवतो. काहींची मान स्क्रूसारखी पिळते, पोट वर होतं, उंदरावर घातलेली झेप भलतीकडेच जाते. जागा बदलली, हाताळणी वाढली, अंडी घालण्याचे दिवस आले, की त्रास बळावतो. आज धडधाकट दिसणारा जॅग्वार पुढेही तसाच राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. दोन जॅग्वारांची जोडी लावली तर सरासरी पाव पिल्लांमध्ये हे जनुक आई-बाप दोघांकडून, म्हणजे दुहेरी येतं. ती पांढरी शुभ्र असतात आणि अंड्यातच किंवा बाहेर येताच मरतात.

हे ठाऊक असूनही त्यांची पैदास चालू आहे, आणि मला ती पटत नाही. तुम्हाला तो वाणच आवडला असेल तर त्याच अंड्यांतलं, जॅग्वार नसलेलं भावंड मागा. त्याच्यात ते जनुक नसतं. नक्षी बहुतेकदा देखणी असते आणि किंमतही कमी पडते.

प्रश्न : डायमंडला इतर कार्पेटइतकीच ऊब दिली तर काय बिघडतं? तो अल्पायुषी असतो म्हणतात.

उत्तर : बिघडतं ते नेमकं त्या उबेनंच, असं बहुतेक अनुभवी पाळणाऱ्यांचं मत आहे. काळ्या अंगावर पिवळट ठिपक्यांची फुलं असलेला हा साप न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याने खाली व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकापर्यंत सापडतो. इतक्या दक्षिणेला दुसरा कोणताही अजगर राहत नाही. तो सकाळी ऊन खातो, अंग तापलं की सावलीत सरकतो, आणि हिवाळा थंडीत, जवळजवळ उपाशी काढतो. त्याला वर्षभर चोवीस तास उबेत ठेवून दर आठवड्याला उंदीर दिला, तर काही वर्षांतच स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात. ‘डायमंड पायथन सिंड्रोम’ म्हणतात तो हाच. उबेचा दिवा दिवसातून थोडेच तास, रात्री चांगला गारवा, अतिनील किरणांची ट्यूब आणि खाणं बेताचं. हे जमणार असेल तर घ्या. पहिला साप म्हणून मात्र नको.

प्रश्न : माझं जंगलचं पिल्लू पिंजऱ्याचं दार उघडताच अंगावर येतं. मोठेपणी सुधारेल का?

उत्तर : बहुतेक सुधारतात. बोटाएवढ्या जाडीच्या पिल्लाला रानात पक्ष्यांपासून घोरपडींपर्यंत सगळेच खायला टपलेले असतात, तेव्हा आधी चावायचं आणि मग विचार करायचा हाच त्याचा धर्म. त्यातून ओठांवरच्या खाचांनी त्याला ऊब जाणवते, आणि तुमचा हात ऊबदारच असतो. दारातून थेट हात घालू नका. आधी साप हाताळायच्या आकडीने अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे ही खाण्याची वेळ नव्हे हे त्याला कळतं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की तेव्हाही नाही.

प्रश्न : एकाच पिंजऱ्यात दोन नर ठेवता येतील का?

उत्तर : नाही. कोस्टलचे नर विणीच्या हंगामात एकमेकांना पीळ घालून चावतात, जखमा खोल असतात. डायमंडचे नर लढत नाहीत, एकाच मादीभोवती अनेक जण जमतात, पण म्हणून त्यांनाही एकत्र ठेवायचं कारण नाही. कोण खातंय, कोण उपाशी आहे, विष्ठा कुणाची, काहीच कळत नाही.

प्रश्न : दोन पापुअन पाहिले. एक फार स्वस्त आहे, ‘आयात केलेला’ असं सांगतात. दुसरा इथेच जन्मलेला. फरक पडतो का?

उत्तर : खूप. ऑस्ट्रेलिया आपले साप व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, पण पापुअन इंडोनेशियातून निर्यात होतात, आणि ‘फार्ममधला’ म्हणून आलेल्यांत रानातून धरलेलेही असतात. अंगावर गोचिड्या, पोटात जंत, आणि मेलेला उंदीर समोर धरला तरी ढुंकून पाहत नाहीत. सगळेच कार्पेट पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा कागदपत्रं मागाच, आणि तुमच्या देशात हा साप पाळायला परवानगी किंवा नोंदणी लागते का ते पैसे देण्याआधी तपासा. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू घेतानाही खाण्याची नोंदवही पाहा. शेवटचे चार-पाच घास त्याने आपणहून घेतलेले असावेत. शक्य असेल तर एक घास तुमच्यासमोर घेऊ द्या.