पहिल्या मेटल अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारच्या आवाजाचा चिखल का होतो?
बहुतेक वेळा जास्तीच्या गेनमुळे, म्हणजे अँपवर आवाज किती फाटतो ती पातळी. स्टेजवर ठेवता त्यापेक्षा तो बराच कमी ठेवा. जाडी येते दोनदा वाजवण्यातून: तोच रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची धून) नव्याने वाजवून एक टेक (एका वेळचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक) पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी केलात तर आवाज मधोमधच राहतो. गिटारला ८०-१०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. त्याखालची जागा बेस आणि किकची (पायाने वाजणारा मोठा ड्रम). ड्रम्स आधी रेकॉर्ड करा, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठेक्यावर). ड्रॉप सीला (तारा उतरवून जाड तार सी सुरात लावण्याची पद्धत) तारांचा दहाचा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) ढिला पडतो, पिक जोरात लागताच सूर चढतो; निदान अकराचा जाड सेट घ्या. पुण्यात पावसाळ्यात दमट हवेने गिटारची नेक हलते, म्हणून दर टेकआधी ट्यूनिंग तपासाच. आणि प्रत्येक टेकसोबत कोरा डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट गिटारमधून घेतलेला) ठेवा. अँपचा आवाज पसंत पडला नाही तर हा ट्रॅक रीअँप करता येतो, म्हणजे पुन्हा अँपमधून वाजवून रेकॉर्ड करता येतो.