माहलरची नववी: आधी कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं?

प्रश्न: मी मूळचा हिंदुस्थानी संगीत ऐकणारा, मुलीच्या नादाने सिंफनी ऐकायला लागलोय. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव माहलरच्या नवव्या सिंफनीची (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेची) कंडक्टर ब्रूनो वॉल्टर यांची दोन रेकॉर्डिंग्ज मिळाली, एक १९३८ चं आणि एक १९६१ चं. जुनं साधारण ७० मिनिटांत आटपतं, नवं ८० च्या आसपास जातं. कंडक्टर तोच, रचना तीच, मग दहा मिनिटं वाढली कुठून? तेव्हा तबकड्यांवर जागा नसायची म्हणून घाईत वाजवलं का? आणि मरण समोर दिसत असताना माहलरने ही लिहिली म्हणतात ते खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: प्रश्न फार छान विचारलात, आणि ही रचना माझ्या जिवाची आहे त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी तबकड्यांचं बघू. १९३८ चं रेकॉर्डिंग १६ जानेवारीला व्हिएन्नात भर मैफलीत केलेलं आहे, लोक समोर बसलेत, खोकतायत, ते ऐकू पण येतं. नंतर ते दहा तबकड्यांवर म्हणजे २० बाजूंवर आलं. पण मैफलीत वाजवणारा माणूस तबकडीची बाजू भरत आली म्हणून लय वाढवत नाही हो, त्या दिवशी वॉल्टरना ती त्याच लयीत वाजवायची होती. शिवाय माहलरने लयीसाठी शब्द लिहून ठेवलेत, सावकाश, खूप संथ असे, किती संथ ते कंडक्टरने ठरवायचं. शेवटची मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा शेवटचा भाग, वॉल्टर १९३८ मध्ये साधारण १८ मिनिटांत संपवतात आणि तीच दुसरे कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन १९८५ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑर्केस्ट्राबरोबर जवळपास ३० मिनिटं नेतात. तुम्ही विलंबित ऐकणारे, एकच बंदिश दोन गवयांकडे किती वेगळी उलगडते हे तुम्हाला मी काय सांगणार.

वॉल्टर म्हणजे माहलरचे सहाय्यक, आणि या सिंफनीचा पहिला प्रयोगही त्यांनीच केला, जून १९१२ मध्ये व्हिएन्नातच, माहलर जाऊन वर्ष झाल्यावर. म्हणजे माहलरने स्वतः ही ऑर्केस्ट्राकडून वाजलेली कधी ऐकलीच नाही. १९३८ च्या त्या मैफलीत पहिल्या व्हायोलिनवर आर्नोल्ड रोझे होते, माहलरच्या बहिणीचे यजमान. दोन महिन्यांत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं, वॉल्टर आणि रोझे दोघेही ज्यू, रोझेंनी त्या ऑर्केस्ट्रात ५० च्या वर वर्षं काढली होती, त्यांना लंडनला जावं लागलं, आणि त्यांची मुलगी आल्मा रोझे १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत वारली. हे कळल्यावर ते रेकॉर्डिंग मला कधीच नुसतं संगीत म्हणून ऐकता आलेलं नाही. पण ती अस्वस्थ गती त्या संकटामुळेच आली असंही मी म्हणणार नाही, ते आपण नंतर जोडतो. १९६१ मध्ये वॉल्टर ८४ वर्षांचे होते, कॅलिफोर्नियात, स्टुडिओत, पुढच्याच वर्षी ते गेले. तिथे प्रत्येक वाक्याला श्वास घ्यायला जागा आहे.

आता मरणाचं. १९०७ मध्ये माहलरची मोठी मुलगी गेली, त्याच उन्हाळ्यात त्याच्या हृदयात दोष निघाला, आणि नववीच्या कच्च्या हस्तलिखितात त्याने निरोपाचे शब्द लिहिलेत, हे सगळं खरं आहे. पण १९०९ च्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या तोब्लाख गावी ही लिहिणारा माणूस खाटेवर पडलेला नव्हता! त्याच्यानंतर तो न्यूयॉर्कमध्ये सीझनभर कंडक्ट करत होता, १९१० मध्ये म्युनिकला आठवी सादर केली, दहावी लिहायला घेतली. ज्या इन्फेक्शनने तो मे १९११ मध्ये गेला ते त्याच वर्षीचं. म्हणून नुसता शोक शोधत ऐकू नका, तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये केवढा राग आणि रग आहे बघा.

ऐकताना पहिली दोन मिनिटं परत परत लावा. चेलो आणि हॉर्न एकाच सुरावर अडखळत सुरू करतात, खाली हार्पचे सुटे सूर, आणि मग दुसरी व्हायोलिनं (ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांचे पहिला आणि दुसरा असे दोन गट असतात) फक्त दोन उतरते सूर घेतात, उसासा टाकल्यासारखे. पहिल्या व्हायोलिनांकडे चाल द्यायची सोडून दुसऱ्यांकडे दिली, मला तर तिथेच भरून येतं. पुढचा अर्धा तास त्या दोन सुरांमधूनच उगवतो.

सुरुवात १९६१ च्या वॉल्टरपासून करा, आवाज स्वच्छ आहे, वाट चुकत नाही. नंतर कंडक्टर जॉन बार्बिरोलींचं, बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर १९६४ चं, त्यांची मैफल आवडली म्हणून वादकांनीच रेकॉर्डिंगचा आग्रह धरला होता, आणि तो जिव्हाळा ऐकू येतो. माझं सगळ्यात आवडतं हेच. बर्नस्टाइनचं १९७९ चं बर्लिनचं पण ऐका, भयंकर तापलेलं आहे, शेवटच्या मूव्हमेंटच्या शिखरावर ट्रॉम्बोन चक्क वाजतच नाहीत तरी ते बाजूला ठेववत नाही. कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायानचं घेताना १९८२ चं मैफलीतलं घ्या, त्याच्या आधीचं स्टुडिओतलं वेगळं आहे आणि दोन्ही बर्लिनचीच असल्याने गोंधळ होतो, वर्ष बघूनच लावा. १९३८ चं सगळ्यात शेवटी, हेडफोन लावून, खरखरीची कानाला सवय व्हायला पहिली पाच मिनिटं जातील तेवढी द्या.