सही करण्याआधी भाऊच्या धक्क्यावर जाऊन ये

तू विचारलंस, "ताई, लहानपणापासून चित्रं काढतेय, आता डिजिटल आर्टिस्ट व्हायचंय. व्हँकुव्हरच्या एका खासगी कॉलेजात दीड वर्षाचा कोर्स मिळतोय, बाबा कर्ज काढायला तयार आहेत. येऊ का?"

आत्ता येऊ नकोस. का ते सांगते.

शिक्षण संपल्यावर इथे कॅनडात नोकरी करायला पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट लागतं, आणि बहुतेक खासगी कॉलेजांच्या कोर्सवर ते मिळतच नाही. मी आले तेव्हा एजंटने हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एक वर्ष गेलं, बाबांचे पीएफचे पैसे गेले, आणि सरकारी कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तो फोन बाबांना कसा केला, ते अजून आठवतं. म्हणून कॅनडा सरकारच्या डीएलआय यादीत, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थांच्या यादीत, कॉलेजच्या नावापुढचा वर्क परमिटचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नोव्हेंबर 2024 पासून डिप्लोमाचा विषयही सरकारने ठरवलेल्या यादीत असावा लागतो. पदवीला ती अट नाही. फीशिवाय राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम जानेवारी 2024 मध्ये 10,000 कॅनेडियन डॉलरवरून 20,635 झाली, नंतर आणखी वाढली. बाबांना हा आकडा सांगितलास का?

इथलं काम प्रोजेक्टपुरतं असतं, आणि बरंचसं हॉलिवूडकडून येतं. 2023 मध्ये मे महिन्यात तिकडचे लेखक संपावर गेले, जुलैत कलाकार, आणि कलाकारांचा संप नोव्हेंबरपर्यंत चालला. माझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपलं, पुढचं काम मिळालं फेब्रुवारीत. डोक्यावर कर्ज असतं तर मी तेव्हाच परत आले असते.

आता चित्रांबद्दल, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असशील. त्यातला स्मरणचित्राचा पेपर आठवतो? समोर काहीच नसताना बसथांबा किंवा बाजार काढायचा, माणसं उभी, बसलेली, पाठमोरी. मी आज अॅनिमेशनसाठी बॅकग्राउंड रंगवते, म्हणजे रोज तोच पेपर सोडवते. पहिल्या मुलाखतीला मी ड्रॅगन आणि तलवारी घेतलेले योद्धे घेऊन गेले होते. समोरच्या बाई भराभर पुढे सरकवत गेल्या. थांबल्या त्या स्केचबुकातल्या गिरगावच्या आमच्या चाळीच्या जिन्यावर. दुपारचं ऊन तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं, वर निळसर काळोख, आणि कठड्याच्या खालच्या बाजूला मात्र पिवळसर उजेड. "हा उजेड कुठून आला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, उन्हातल्या पायरीवरून उलटून आलाय. तो जिना मी हजार वेळा चढले होते, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं नाही. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या जिन्याबद्दलच बोललो.

सॉफ्टवेअरमधले लेयर, मास्क, ब्रश सहा महिन्यांत हाताखाली येतात. ब्लेंडर आणि क्रिता ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साधा पेन टॅब्लेट पुरतो. सुरुवातीला हात टेबलावर आणि रेघ पडद्यावर, त्यामुळे साधं वर्तुळही वाकडं येईल. काही आठवडे रोज तासभर बस, जमतं. एवढ्यासाठी व्हँकुव्हरला यायची गरज नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी सीईटी दे, पदवी तिथून कर. मग मुंबईतल्याच एखाद्या अॅनिमेशन किंवा व्हीएफएक्स स्टुडिओत दोन वर्षं काम कर. त्यानंतर यावंसं वाटलं तर कामाचा अनुभव घेऊन ये, तेव्हा मी तुझा पोर्टफोलिओ पान न् पान बघेन.

आणि तोवर बाहेर बसून काढ. इथे डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो आणि दिवसचे दिवस पाऊस. मला मुंबईचं ऊन आता आठवणीतूनच काढावं लागतं, आणि दरवर्षी त्यातलं थोडं निसटतं. तुझ्या दारात ते रोज येतंय.

येत्या रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जा. होड्या लागल्या असतील, मासळीचा लिलाव चालू असेल, फरशी ओली असेल. कोळणींचे चेहरे नंतर काढ, आधी त्या ओल्या फरशीवरून त्यांच्या लुगड्यांवर चढणारा उजेड बघ. पेन्सिल आणि दोनच रंग ने. पावसाळी बूट घाल, पाय घसरतात. पानं कशीही झाली तरी फोटो काढून मला पाठव.