वावर, कास्तकार आणि कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

शेतीचे फोटो काढणाऱ्यांनी प्रश्न पाठवलेत आणि ज्यांचे फोटो निघतात त्यांनीही पाठवलेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली, तिथं विषयच तसा होता.

प्रश्न: मी लग्नाचे फोटो काढतो, सीझन संपला की कॅमेरा कपाटात जातो. कास्तकारांचे, वावरातल्या कामाचे फोटो वर्षभर काढायची इच्छा आहे. पण वावरात गेलो की बैलजोडी, सूर्यास्त आणि हसणारी म्हातारी यापुढं काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू? (दिग्रस)

भाऊ, एकच घर निवडा, एकच वावर, गाडीवर पटकन पोचता येईल असं, आणि तिथलं अख्खं वर्ष धरा. दहा गावं फिरून दहा सूर्यास्त मिळतील, पण एका वावरात मेपासून पुढच्या मार्चपर्यंत जात राहिलात तर शेती कशी चालते ते दिसायला लागेल. उन्हाळ्यात नांगरटी, वखरणी, मग मृगाच्या आगेमागे सरकी टोबणं (कापसाचं बी हातानं लावणं), मग डवरणी, निंदण, फवारणी, दसरा-दिवाळीकडं सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) आणि पहिली वेचणी, पुढं तूर, आणि शेवटी पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून वावर मोकळं. प्रत्येक कामाचा हात वेगळा, बसण्या-वाकण्याची पद्धत वेगळी. ते काम तुम्हाला आधी समजलं पाहिजे, नाहीतर कुठल्या क्षणी बटन दाबायचं हेच कळत नाही.

आणि शेत चालवणं म्हणजे फक्त वावरातली मेहनत नाही हो. कृषी केंद्राच्या काउंटरवर दोन पाकिटं हातात घेऊन कोणतं घ्यावं म्हणून उभा असलेला माणूस, सोसायटीत कर्ज नवं-जुनं करायला बसलेली रांग, पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली की रोज संध्याकाळी धुऱ्यावर (बांधावर) जाऊन माती उकरून ओल बघणारा हात, रात्रीची लाईट आहे म्हणून बॅटरी घेऊन ओलिताला निघालेला पोरगा, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात म्हणून जागलीला गेलेला बाप, बाजार समितीत काट्याकडं लागलेली नजर. डिसेंबरात घरातल्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीत झोपलेली, भाव वाढेल म्हणून थांबलेली, अंगाला खाज सुटते तरी थांबलेली. हे फोटो मला फार कमी दिसतात आणि शेतीतले खरे निर्णय तिथंच होतात.

पोळ्याला सगळेच कॅमेरे बाहेर काढतात. तुम्ही आदल्या दिवशी जा, खांदशेकणीला. हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकताना कास्तकाराचा चेहरा बघा.

पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कोणीतरी विचारणारच, "कायले काढून राहिले भाऊ फोटो?" त्याला सरळ उत्तर द्या: फोटो कुठं जाणार, कोण बघणार, आणि यातून अनुदान, घरकुल, सरकारी मदत काहीच मिळणार नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगा, कारण कॅमेरा आणि वही घेऊन माणूस आला की सर्व्हे आला असं गावाला वाटतं आणि ते वाटू देणं चांगलं नाही.

फवारणीचं एक वेगळं सांगतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, तुम्ही तिकडचेच आहात, तुम्हाला माहीत आहे. वारा येतो त्या बाजूनं उभे राहा, लांबची लेन्स वापरा आणि फोटोसाठी कोणाला पुन्हा पंप चालवायला लावू नका. त्यानं तोंडाला काही बांधलं नसेल तर आधी ते बोला, फोटो नंतर. फक्त फोटोपुरता मास्क लावायला लावणं तर अजिबात नको.

प्रश्न: आमची संत्र्याची बाग आहे. पेपरवाले, कृषी विभागाचे लोक येतात, फोटो आमच्या मिस्टरांचा काढतात, मला चहा ठेवायला सांगतात. बागेचं निम्मं काम आणि सगळा हिशोब माझ्याकडं आहे. मी मोबाईलवर स्वतःच बागेचे फोटो काढले तर त्याला काही अर्थ आहे का? (वरुड तालुका)

ताई, आहे, आणि खूप आहे. बाहेरचा माणूस एका दुपारी येऊन जातो, तुम्ही बागेत रोज असता. अंबिया बहारासाठी (संत्र्याचा एक फुलोरा) ताण दिलेली, म्हणजे पाणी तोडलेली झाडं, मग पाणी सोडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत फुटलेली फुलं, मधली फळगळ, व्यापारी बाग बघायला येतो आणि इसार (आगाऊ रक्कम) ठरतो तो दिवस, तोडणीच्या वेळी खाली बसून माल निवडणाऱ्या बाया. हा सगळा क्रम घरातल्या माणसाशिवाय कोणालाच पूर्ण मिळत नाही. 2021 पासून सरकारच्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधे कास्तकार स्वतःच पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करतात, म्हणजे वावराचा फोटो वावरवाल्यानंच काढायचा ही गोष्ट आता काही नवीन राहिली नाही.

महागडा मोबाईल नको. लेन्स ओढणीच्या सुती टोकानं पुसा, झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर काढा, बारा वाजता झाडाखालचे चेहरे काळे येतात. एप्रिल-मेमधे मोबाईल उन्हात ठेवू नका, गरम होऊन कॅमेराच बंद पडतो. एकाच झाडाचा एकाच जागेवरून दर पंधरा दिवसांनी फोटो घेत गेलात तर वर्षाअखेर तुमच्याकडं जे जमेल ते बागेच्या हिशोबाच्या वहीइतकं कामाचं असेल, त्या वहीचेही फोटो काढून ठेवा.

आणि तुमचा फोटो कोण काढणार हा प्रश्न राहतोच. मुलीला शिकवा, जावेला शिकवा. पुढच्या वेळी पेपरवाले आले की सांगा, हिशोब मी बघते, मला विचारा, चहा आज हे करतील. गंमत म्हणून नाही, खरंच सांगा. कामाच्या फोटोत नेहमी पुरुषच दिसला की बाई शेतात फक्त मदत करते असं सगळ्यांना वाटत राहतं, बँकेतल्या साहेबापर्यंत.

प्रश्न: एका संस्थेनं मला काम दिलंय. आत्महत्या झालेल्या घरी जाऊन फोटो आणायचे, सोबत यादी आहे: पत्नी, हार घातलेला फोटो, लेकरं, गळकं घर. पैसे बरे आहेत. मन होत नाही. जाऊ का? (पांढरकवडा)

ती यादी घेऊन जाऊ नका. जायचंच असेल तर आधी संस्थेशी बोला आणि यादी बदलून घ्या.

2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात देशभरातले कॅमेरे आपल्याकडं आले आणि हीच चौकट पुन्हा पुन्हा निघाली. बाई, हार, लेकरं. तेव्हा जगाला कळावं म्हणून ती गरज होती असं कोणी म्हणेल, मी वाद घालणार नाही. पण त्या चौकटीत पुढचा जून दिसत नाही. पुढच्या जूनमधे त्या वावरात कोण पेरतं? तीच पेरते. तलाठ्याकडं वारस नोंदीसाठी हेलपाटे, बँकेतलं कर्ज, सावकाराचं वेगळं, सासऱ्याशी, दिराशी वावराची बोलणी, यंदा सोयाबीन की कापूस हा निर्णय. ती बाई शेत चालवते आहे आणि तिचा फोटो शेत चालवणाऱ्या माणसाचा फोटो म्हणून निघाला पाहिजे, हे मला अगदी मनापासून वाटतं.

तेरवी व्हायच्या आत कॅमेरा घेऊन कोणाच्या दारात उभं राहू नका. गेल्यावर फोटो कुठं छापणार, किती वर्षं वापरणार, नको वाटलं तर काढून टाकायचा असेल तर कोणाला फोन करायचा, हे तिच्या भाषेत सांगा, आणि त्याच गोष्टी संस्थेकडून लेखी घ्या. काढलेले फोटो तिला तिथंच स्क्रीनवर दाखवा, नको म्हणेल ते तिच्यासमोर डिलीट करा. लेकरांचे चेहरे नको, शाळेचा गणवेश नको. सातबारा, पासबुक, आधार यांचे नंबर फोटोत येऊ देऊ नका. बोलताना घरात कोणी फार खचलेलं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा मोफत नंबर लिहून द्या, आणि त्या दिवशी फोटो नाही निघाले तरी चालेल.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1936 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या सरकारी नोकरीतल्या फोटोग्राफर बाईंनी एका आईचा लेकरांसकट फोटो काढला. जगभर छापला गेला, त्या तळावर अन्नाची मदतही पोचली, पण तोपर्यंत ते कुटुंब पुढं निघून गेलं होतं. लँगबाईंनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं 1978 मध्ये, तेही तिनं स्वतः बोलून दाखवलं तेव्हा, आणि त्या फोटोचा आपल्याला काही फायदा झाला नाही असं ती म्हणाली. लँगबाई वाईट नव्हत्या, त्यांचं काम मी आजही बघतो. पण चाळीसेक वर्षं बिननावाचं राहणं काय असतं ते आपल्या गावातल्या बाईच्या वाट्याला येऊ देऊ नका.

प्रश्न: फुटलेल्या कापसात फोटो काढला की कापूस मळका आणि वेचणाऱ्या बाया काळ्या येतात. उन्हाळ्यात नांगरलेली जमीन मात्र राखेसारखी. कॅमेरा खराब आहे का? (अकोट)

कॅमेरा ठीक आहे. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. सगळी चौकट पांढरी असली की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो अंधारतो, काळी जमीन असली की उलट. म्हणून कापसात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) साधारण अधिक अर्धा ते एक, काळ्या रानात वजा एकच्या आसपास. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघत जा, पांढरा उजव्या कडेला चिकटला की बोंडातला धागा गेला, तो परत येत नाही. रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमधे) काढा. चेहरा महत्त्वाचा असेल तर स्पॉट मीटरिंग (एकाच ठिकाणचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर. बायांनी उन्हासाठी दुपट्टा बांधलेला असतो, त्याखाली सावली पडते, तो काढायला सांगू नका, दुपारी जेवायला त्या वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ बसतात तेव्हा काढा. त्या ढिगाचा पांढरा उजेड खालून चेहऱ्यावर येतो, स्टुडिओतल्या रिफ्लेक्टरची गरज नाही. मात्र त्या किलोवर वेचतात, तुमच्यासाठी थांबल्या तर त्यांचा रोज बुडतो, हे डोक्यात ठेवा. जिनिंगमधे लेन्स बदलू नका, रुई (कापसाचे तंतू) सेन्सरवर बसते. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी.

प्रश्न: ड्रोन घेऊ का? (हिंगणघाट)

पहिल्या वर्षी नको. घेतलाच तर 2021 चे ड्रोन नियम वाचा: 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्या वरचा धंद्यासाठी उडवायचा तर लागतं, आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर तो भाग ग्रीन झोन (उडवायला मोकळा) आहे का ते बघावं लागतं. वरून वावर सुंदर दिसतं, माणूस दिसत नाही.

प्रश्न: गावातल्या एका काकांचा पऱ्हाटीत उभा असलेला फोटो मी काढला होता. बियाणं कंपनीचा माणूस तो बॅनरसाठी मागतोय, पैसे देतो म्हणतो. फोटो माझाच आहे ना? (पुसद)

तुम्ही स्वतःहून काढला असेल तर फोटोचा हक्क तुमचा. (कोणी पैसे देऊन काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर 1957 च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम 17 प्रमाणं पहिला हक्क त्याचा होतो, म्हणून कामाआधीच लिहून घेत जा.) पण बॅनरवरचा चेहरा काकांचा आहे. बॅनर लागला की गाव समजतं काकांनी हे वाण पेरलं आणि त्यांना पिकलं. उद्या ते बियाणं उगवलं नाही तर शिव्या काकांना बसतील, कंपनीच्या माणसाची बदली झालेली असेल. त्यांनी ते वाण खरंच लावलं होतं का हे आधी विचारा. नसेल तर देऊ नका, कितीही पैसे मिळोत. असेल तर काकांची लेखी परवानगी, कोणत्या हंगामापुरता ते लिहून, आणि पैशात त्यांचा वाटा.

प्रश्न: मी धानपट्ट्यात फोटो काढते. एका बांधीत (धानाच्या तुकड्यात) रोवणी करणारं कुटुंब मक्त्यानं करतं, मालक नागपूरला असतो. कॅप्शनमधे शेतकरी कोणाला लिहू? (अर्जुनी मोरगाव)

ताई, करणाऱ्याला. पण मक्ता, म्हणजे ठरलेल्या खंडानं दुसऱ्याचं वावर करणं, आपल्याकडं बहुतेक तोंडीच असतो, आणि कुळाचा हक्क लागेल या भीतीनं मालक दर वर्षी माणूस बदलतो किंवा कागदावर काहीच येऊ देत नाही. तुम्ही छापलंत की अमुक माणूस तमुकचं वावर कसतो, तर पुढच्या वर्षी ते वावर त्या घराकडून जाऊ शकतं. म्हणून नवरा-बायको दोघांनाही वेगवेगळं विचारा, मालक जवळ नसताना विचारा, आणि काय छापणार ते वाचून दाखवा. चालेल म्हणाले तर पूर्ण लिहा: नाव, गाव, काय काम, कोणतं वाण, किती वर्षं करतात. नको म्हणाले तर मालकाचं नाव, गट नंबर, ओळखू येईल असा मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा देऊळ, सगळं बाहेर ठेवा, पण रोवणी करणाऱ्या बायांची नावं त्यांच्या परवानगीनं तरीही येऊ द्या. पऱ्हे (धानाची रोपं) कोणी उपटले, रोवले कोणी, गुत्त्यानं (ठेक्यानं) की रोजानं, हे वहीत त्याच दिवशी टिपा आणि घरी आल्यावर फोटोच्या फाईलमधल्या कॅप्शनच्या रकान्यात भरा, म्हणजे फोटो कुठंही गेला तरी नाव सोबत जातं. प्रिंट द्यायला जाल तेव्हा मागच्या बाजूला तारीख आणि बांधीचं गावातलं नाव पेननं लिहा, आणि एकाच घरातल्या सासू-सुनेला दोन वेगळ्या प्रिंट द्या.